मापाचं घासलेट

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत महिन्याचं इंधन भरून ठेवण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. घासलेट लिटर-दोन लिटर यायचं, पगार लांबला तर अर्धाच लिटर. वडील बारा-बारा तास लूमवर उभे राहत आणि हातात पैसे पडत पंधरवड्यानं. शेवटच्या दिवसांत आईला डाळीपेक्षा घासलेटाचा घोर जास्त. डाळ शेजारून उसनी मिळायची, घासलेट कुणी सहसा देत नसे.

गावी, अमळनेरकडे, असं नव्हतं. पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, गोवऱ्या घरच्याच. इथे एका खोलीत चूल पेटवणार कुठे? रेशनकार्डही गावच्या पत्त्यावर. आमच्या वाट्याचं स्वस्त घासलेट गावच्या दुकानात राहायचं, आणि आई इथे दुसऱ्या कुणाच्या कार्डावरचं, चढ्या भावानं घ्यायची. रेशनचं घासलेट काळ्या बाजारात ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असतो. आमच्या डब्यातलं नेहमी निळंच असे. त्या निळ्या रंगाची मला आजही चीड येते. ज्याच्याकडे इथला कागद नाही, त्यानंच जास्त पैसे मोजायचे, आणि तेही अर्ध्या लिटरच्या मापानं.

घासलेट ठेवण्याचे आईचे नियम कडक होते. डबा मोरीच्या कोपऱ्यात, स्टव्हपासून जितका लांब जमेल तितका. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी, म्हणजे वास येत नाही आणि उडूनही जात नाही. नरसाळं वेगळ्या खिळ्याला. स्टव्ह विझवून, टाकीला हात लावून गार झाल्याची खात्री केल्याशिवाय ती ओतत नसे, मग वडिलांना कामावर जायला उशीर झाला तरी चालेल. थंडीत अंघोळीला एकच पातेलं तापायचं, त्यात गार पाणी मिसळून सगळ्यांचं भागवायचं. आम्ही पोरं डब्याजवळ फिरकलो की ती अहिराणीत ओरडायची, "हात नको लावू, घासलेट शे ते!"

पाण्याच्या बाटलीत घासलेट भरू द्यायची नाही, हा सगळ्यात कडक नियम. शेजारच्या खोलीत तशी बाटली खाली ठेवलेली होती आणि रांगत्या बाळानं ती तोंडाला लावली. बायका मिठाचं पाणी घेऊन धावल्या, पण रिक्षा दारातच मिळाली म्हणून ते तसंच राहून गेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उलटी काढलीत का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. घासलेट पोटात असताना त्रास देतंच, पण उलटीबरोबर फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं, असं त्यांनी समजावलं. बाळ वाचलं. त्या दिवसापासून गल्लीत आईचा नियम सगळ्यांचा झाला.

पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी गल्लीत शिरलं की अंथरुणाआधी घासलेटाचा डबा माळ्यावर चढायचा. सांडलेलं घासलेट पाण्यावर तरंगतं आणि खोलीभर पसरतं. मग पाणी ओसरेपर्यंत काडी ओढायची सोय नाही.

पुढे गॅस आला, तोही मापानंच. बिनकंपनीचा छोटा बाटला, आणि दुकानाच्या मागच्या अंगाला मोठा बाटला उलटा करून, पितळी नळीनं त्यात भरून दिलेला किलो-दोन किलो गॅस. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आमच्याकडे तर झोपायचंही जमिनीवरच. मुंबई हायचा गॅस किनाऱ्याला लागतो तो शहराच्या पश्चिमेला, हजीऱ्यात. तिथून पाइपलाइननं थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. आणि आमच्या गल्लीत मात्र बाटल्यातला गॅस किलो-दोन किलोच्या हिशेबानं, धोक्यासकट यावा, हे मला अजून पटत नाही.

2013 साली कंपन्यांनी पाच किलोचा बाटला नुसत्या ओळखपत्रावर खुला केला. 2021 च्या उज्ज्वला योजनेत स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालू लागलं. या दोन गोष्टी आमच्यासारख्यांना फार आधी मिळायला हव्या होत्या. ओळखपत्रावरचा छोटा बाटला किलोमागे घरगुती मोठ्यापेक्षा महागच पडतो, हा अन्याय शिल्लक आहेच. पण त्याला सील असतं, तपासणीची तारीख असते.

आता मी डिंडोलीला राहते. खानदेशातून नवं बिऱ्हाड आलं की त्यांच्याबरोबर एजन्सीत जाते. नळी जोडून झाल्यावर साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा आला तर बंद करून परत न्यायचं. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आधी दार उघडायचं. आणि घेतानाच काट्यावर ठेवायला सांगायचं. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. ते वजा करून पाच किलो भरलेच पाहिजेत, नाहीतर दुसरा मागायचा.