तीस जानेवारी आणि आपली घरे

राष्ट्रावर कोसळलेले संकट इतिहासात मोठ्या अक्षरांनी नोंदले जाते. घरात मात्र ते अगदी लहान वाटांनी शिरते. बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो, दिवेलागणीलाच दाराला आतून कडी पडते, परक्याने आडनाव विचारताच उत्तर क्षणभर ओठांवर अडते. ३० जानेवारी १९४८ या दिवसाने महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांच्या नित्यक्रमात जे पालट घडविले, ते आरंभी अशाच प्रकारचे होते.

त्या शुक्रवारी सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्माजी प्रार्थनेस निघाले असता नथुराम गोडसे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण, हे कळण्यास वेळ लागला नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत गावोगावी ब्राह्मणांची घरे पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. घरातील माणसे कोणत्या विचाराची, हे जमावाने विचारले नाही. त्याला आडनाव पुरेसे होते.

घराबरोबर काय गेले, याचा हिशेब सरकारी दप्तरात बसणारा नाही. कणगीतले धान्य गेले, तशा पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्याही गेल्या. शहराकडे जाणारा ओघ पूर्वीच सुरू होता. तो आता वाढला. त्याच वर्षी कुळकायदा आला आणि जमिनीशी असलेला धागाही पुढे सैल होत गेला. ओसरी, परसू आणि विहीर असलेल्या वाड्यातले कुटुंब पुण्यामुंबईच्या दोन खोल्यांत मावू लागले. सणावारी गावी जाणे संपले. कित्येकांचे गाव आडनावापुरतेच उरले. परंतु त्याच दिवसांत, स्वतःवर रोष ओढवून घेऊन, ब्राह्मण कुटुंबांना आपल्या घरात आसरा देणारे इतर जातींचे शेजारीही होते, हे विसरता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत हाच काळ चितारला आहे.

आता आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते असे. पुष्कळ घरांत जाळपोळीची हकीकत नातवंडांपर्यंत तपशिलासह पोहोचली; अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निःशस्त्र वृद्धाच्या छातीवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही गोष्ट मात्र त्या हकीकतीची केवळ प्रस्तावना होऊन बसली. कित्येक घरांत तर दोहोंविषयी मौनच पाळले गेले. ज्यांचे घर जळाले त्यांनी दुःख करू नये, असे कोण म्हणेल? ती माणसे निरपराध होती. परंतु एकाच्या कृत्याबद्दल साऱ्या जातीस दोषी धरू नये, हा न्याय जो आपल्यासाठी मागतो, त्याने त्या जमावांबद्दल साऱ्या समाजांवर राग धरणे त्याच न्यायात बसत नाही. एकच दुःख सांगत राहिले म्हणजे त्याचे गाऱ्हाणे होते, आणि गाऱ्हाणे वारशाने दिले की त्याचे वैर होण्यास उशीर लागत नाही.

याबाबतीत साने गुरुजींचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. कोकणातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या गुरुजींनी महात्माजींच्या हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले. अपराध त्यांचा नव्हता. तरी दुःख त्यांनी आपले मानले.

दर वर्षी ३० जानेवारीस सकाळी ११ वाजता देशात दोन मिनिटे मौन पाळले जाते. ज्या घरांत आजही आजोबा-आजी आणि नातवंडे एका पंगतीस बसतात, तेथे त्या रात्री जेवणे उरकल्यावर थोडे बोलणेही व्हावे. आधी बिर्ला भवनातील ती सायंकाळ मुलांना सांगावी. मग आपल्या जळालेल्या वाड्याची रात्र. आणि त्या रात्री ज्या शेजाऱ्याने दाराची कडी काढून आपल्या माणसांना आत घेतले, त्याचे नाव ठाऊक असल्यास तेही.