हाताची घडी

मालवणच्या दांडीवरून होडी सुटली आणि सिंधुदुर्गाचा तट जवळ येऊ लागला. १६६४ साली पाया घातलेला हा तट लहानपणी मी चालता चालता तळव्याने चाचपला होता. आत चुन्यात जपलेला शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा पाहून आपला हात किती लहान, असं वाटलं होतं.

होडी खडकांपाशी थांबली. पाठीला सिलिंडर, कमरेला शिसं. तटाच्या पायातही शिसंच ओतलंय म्हणतात. सोबतचा मुलगा मासेमार गाबिताघरचा. म्हणाला, “ताई, घाबरू नकात. फक्त खंयच हात लावू नकात.” आणि माझ्या हातांची छातीशी घडी घातली.

इथलं पाणी अंदमानसारखं नितळ नाही. हिरवट, वाळूने गढुळलेलं. तीन-चार वावांवर तळ लागतो. कानात कळ आली, नाक दाबून हवा सोडली, मग उरला फक्त स्वतःचा श्वास. हळूहळू धूसरातून एक गोटा पुढे आला. दगड नव्हे, पोराइट्स प्रवाळ. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव, प्रत्येकाने आपल्यापुरता चुना रचलेला. वर्षाला वाढ जेमतेम सेंटिमीटरभर. हा गुडघ्याएवढा गोटा, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. हात लावायची इतकी ओढ मला कशाचीच वाटली नव्हती.

त्याच्या एका कुशीवर पांढरा चट्टा होता. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि अन्नही. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि हा पांढराफटक, उपाशी उरतो. पलीकडे कुणीतरी फोटोसाठी पाव कुस्करून माशांना घालत होतं. १९८७पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. मला फार वाईट वाटलं.

वर आल्यावर मुलाने दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिकडे, निवतीच्या खडकांजवळ, ‘गुलदार’ समुद्रतळाशी ठेवायचं ठरलंय. नौदलाची रणगाडे वाहणारी नौका, सुमारे ८४ मीटर लांब, २०२४मध्ये निवृत्त झालेली. प्रवाळाची तरंगती पिल्लं टेकायला कडक जागा शोधतात, वाळूवर त्यांचा टिकाव लागत नाही. पोलादावर लागेल. एवढं मोठं जहाज, आणि त्याच्यावर पहिला बसणारा जीव डोळ्यांना दिसणारही नाही.

मुलगा सांगत होता, मी ऐकत होते. होडी बंदराकडे वळली तरी माझे हात छातीशीच होते.