गोट्याले गोटा

आमच्या वऱ्हाडात दगडाला गोटा म्हणतात आणि शेताला वावर. हे दोन शब्द मी कॉन्व्हेंटमध्ये उच्चारले असते तर मिसनी बाकावर उभं केलं असतं! त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘तुझ्या तेल्हाऱ्याबद्दल लिही’ म्हटलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघायचं, अशी अट घालूनच मी हो म्हटलं. विषय ठरलेलाच होता, आमच्या वावरातली भिंत. सिव्हिलवाल्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं. बाकीच्यांनी गणित आलं की तेवढा परिच्छेद खुशाल सोडावा.

तेल्हारा म्हटलं की लोकांना काळी माती, कपाशी आणि खारं पाणी आठवतं. दक्षिणेकडे, पूर्णेच्या अंगाला, ते खरंच आहे. पण उत्तरेला हिवरखेडच्या पुढे निघालात की समोर सातपुडा येतो, जमीन चढू लागते आणि नांगराला गोटे लागायला लागतात. आमची संत्र्याची बाग याच पट्ट्यात आहे. बागेच्या एका अंगाला नाला, आणि नाल्याचा तळ बागेपेक्षा सहा-सात फूट खोल. बाग नाल्यात उतरू नये म्हणून मधे चाळीसेक फुटांची दगडी भिंत. पणजोबांच्या वेळची, असं घरात सांगतात. चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गारासुद्धा नाही. नुसता गोट्याले गोटा.

मागच्या पावसाळ्यात या भिंतीनं पोट काढलं. ऑगस्टमधल्या एका रात्री बारा फुटांचा तुकडा नाल्यात गेला आणि त्याच्यासोबत संत्र्याची दोन झाडं. तिसऱ्याची मुळं हवेत लोंबत होती. संत्रा फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे दोन झाडं म्हणजे नुसती दोन झाडं नसतात. पुढच्या पावसात आख्खी ओळ जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

दिवाळीनंतर एक कंत्राटदार येऊन बघून गेले. सगळी भिंत पाडा, आरसीसी करू, म्हणाले. आकडा दोन लाखांच्या वरचा. मोठे बाबा गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं, ते नंतर कळलं. शेवटी बाजूच्या गावातले एक म्हातारे मिस्त्री मिळाले. वडार समाजातले, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत पाहिली आणि पडलेल्या जागेशी थांबून विचारलं, “इथंच सिमेट कोनं भरलं?”

त्याचं उत्तर मोठ्या बाबांकडे होतं. भिंतीच्या फटीत साप राहतात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी तेवढ्या भागाच्या दर्जा सिमेंटनं भरून घेतल्या होत्या. बायका तिथंच तणकट काढायला बसतात, म्हणून तेवढाच भाग. कुणाच्या जिवाच्या काळजीनं केलेलं काम होतं ते. पण भिंत पडली नेमकी तिथंच.

मिस्त्री म्हणाले, “पाण्याले वाट पायजे. आपन नाई देली त थे सोता काढते.”

आता गणित. सॉइल मेकॅनिक्समध्ये रँकिन आपल्याला भेटतोच, १८५७ सालचा. मोकळी, कोरडी माती भिंतीला ढकलते तेव्हा तिच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग आडवा दाब म्हणून येतो. पाण्याचं तसं नाही, ते आपला सगळाच दाब आडवा देतं. भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबलं तर एकूण ढकल दुपटीहून जास्त होते. त्यात आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, ती ढकल वेगळीच. म्हणून काँक्रीटच्या भिंतीत वीप होल ठेवतात, आणि ती बुजली की धोका. कोरड्या भिंतीचं प्रत्येक सांधं म्हणजे एक वीप होल. आमच्या दर्जा भरल्या तेव्हा तेवढ्या बारा फुटांत शंभरेक भोकं एकदम बुजली. २९ जून २०१९ च्या पावसात पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधरा जण गेले, ती बातमी मला या धड्यापाशी हमखास आठवते.

काम मे महिन्यात सुरू झालं. मृग लागायच्या आत संपवायचं होतं. पहिले दोन दिवस रचणं नव्हतंच, फक्त उपसणं. नाल्यातले गोटे वर काढून मिस्त्रींनी त्यांच्या रांगा लावल्या: मोठे, मध्यम, लांबट, आणि हातात मावतील असे चिपा. पाया कठीण मुरूम लागेपर्यंत खणला, आणि तळ सपाट न ठेवता बागेकडे उतरता ठेवला. मग सर्वांत मोठे गोटे तळाला. गोट्याची लांब बाजू भिंतीच्या आत, आखूड बाजू दर्शनी. (कॉन्व्हेंटच्या माझ्या डोळ्यांना हे उलटं वाटे, कारण लांब बाजू बाहेर ठेवली की भिंत छान दिसते.) सांध्यावर सांधा कुठंही येऊ द्यायचा नाही. दर दोन-अडीच फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा थ्रू स्टोन, आणि तेवढा लांब मिळाला नाही तर पुढून एक, मागून एक असे दोन एकमेकांवर चढवायचे. पोटात माती टाकायची नाही, चिपा हातानं ठोकून बसवायच्या. भिंतीमागे फूटभर गोटे आणि मुरूम, त्यामागे काळी माती.

चिपा देणं हे माझं काम. मी टोपलं ओतलं की ते म्हणत, “माय, गोटा फेकू नोको, त्याले बसव.” त्यांचा स्वतःचा एक नियम होता. हातात घेतलेला गोटा जागा सापडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. चार-पाच वेळा फिरवत, पण ठेवत नसत.

दोन्ही टोकांना बांबू रोवले होते, तेही तिरपे, बागेकडे कललेले. चार फुटांना साधारण फूटभर. त्यांना दोरी बांधून भिंत त्या कलानं वर नेली. एवढं कशाला, असं आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मला कॉलेजात परतल्यावर मिळालं. १८३४ मध्ये आयर्लंडात डब्लिनजवळ जॉन बर्गॉइन नावाच्या लष्करी इंजिनिअरनं चार कोरड्या भिंती बांधून पाहिल्या. चारही वीस फूट उंच, चौघींना दगड सारखाच, फरक फक्त आकारात. मग मागे माती भरत नेली. दर्शनी बाजू मागे कललेल्या दोन भिंती उभ्या राहिल्या. दर्शनी बाजू सरळ उभी असलेल्या दोन भिंती सतरा फुटांच्या आसपास भराव आल्यावर कोसळल्या. तेवढाच दगड, नुसतं कसं उभं राहायचं एवढाच फरक!

२०१८ मध्ये युनेस्कोनं कोरड्या दगडी भिंतीची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. क्रोएशिया, फ्रान्स, ग्रीस, इटली वगैरे आठ युरोपीय देशांच्या नावानं. भारत त्यात नाही. पण आपल्याकडे त्याचं मानक आहे, आयएस १४४५८ चा तिसरा भाग, १९९८ चा, डोंगराळ भागासाठी. तो वाचताना मला गंमत वाटत होती, कारण त्यातलं बरंचसं मी टोपलं हातात धरून ऐकलेलं होतं. मिस्त्रींना मात्र मजुरी मिळाली ती रोजानं, माती टाकणाऱ्या गड्यापेक्षा थोडीच जास्त. याहून जास्त द्यावी असं मी घरी म्हटलं. थोडी वाढली. त्यांचा मुलगा अकोटला ऑटो चालवतो. त्याला हे काम येतं का, विचारलं तर म्हणाले, “येते, पन करत नाई. पाठ कोनाची जाते?” यावर मी काय बोलणार?

नऊ दिवसांत काम झालं. वरचा शेवटचा थर सगळ्यात जड गोट्यांचा, चार माणसांनी सब्बल लावून चढवलेला.

जूनच्या शेवटी दोन दिवस झड लागली, तेव्हा मी सुट्टीवर घरीच होते. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन नाल्यात उतरले. नव्या बारा फुटांच्या खालच्या दोन थरांतून पाणी झिरपत होतं, बोटाएवढ्या धारांनी. मी ते ओंजळीत घेऊन पाहिलं. गढूळ असतं तर मागची माती वाहते आहे, असा अर्थ झाला असता. नितळ होतं. तिसरं झाड जागेवर आहे, त्याला मातीची भर दिली आहे. साप अर्थातच परत राहायला आलेत, आणि मोठे बाबा तिकडे जाताना आता काठी आपटत जातात.