न वितळणाऱ्या भूमीच्या वाटेवर

पृथ्वीच्या पाठीवर असे काही प्रदेश आहेत की, जेथे मनुष्याने धनी म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणूनच पाऊल ठेवावे. कॅनडाच्या अतिउत्तरेस, बॅफिन बेटावर असेच एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे नाव औयुइत्तुक. तेथील मूळ रहिवासी जे इनुइट लोक, त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘कधीही न वितळणारी भूमी’ असा होतो. १९७६ साली कॅनडा सरकारने ही भूमी राखून ठेवली व पुढे तिला राष्ट्रीय उद्यानाचा पूर्ण दर्जा दिला.

उद्यान म्हणताच वाचकांनी फुलझाडांचे ताटवे डोळ्यांपुढे आणू नयेत. सुमारे १९,००० चौरस किलोमीटरांचा हा मुलूख. त्यात बहुतेक सारा खडक आणि बर्फ. रस्ता नाही, दुकान नाही, उभे असे एकही झाड नाही. विलो नावाचे झुडूप आहे. पण थंडीवाऱ्याच्या धाकाने ते जमिनीसरपटच वाढते. चुलीपुरतीसुद्धा काटकी मिळायची नाही. तेव्हा स्टोव्ह, इंधन, तंबू आणि सारा शिधा प्रवाशाने आपल्या पाठीवर वाहून न्यावयाचा आणि उरलासुरला केरकचराही परत आणावयाचा.

तेथे पोहोचणे सोपे नाही. ओटावाहून विमानाने इकालुइतला जावे, तेथून लहान विमानाने पांग्निर्टुंग या सुमारे १,५०० वस्तीच्या गावी उतरावे. पुढे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या अरुंद खाडीतून, भरतीची वेळ साधून, नावाडी प्रवाशांना सुमारे ३० किलोमीटरांवरील उद्यानाच्या तोंडाशी सोडतो. खाडी गोठलेली असताना बर्फावरून चालणाऱ्या गाडीने जाता येते. मात्र बर्फ फुटू लागला की, काही आठवडे नावही चालत नाही आणि गाडीही नाही. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरीत नाव नोंदवून सूचना ऐकाव्या लागतात, आणि परतल्यावर आपण सुखरूप आल्याची वर्दी द्यावी लागते.

उद्यानातून जाणारी मुख्य वाट म्हणजे ९७ किलोमीटर लांबीची अक्षयुक खिंड. आपल्या ‘अक्षय’ शब्दाशी या नावाचे नाते नाही. तरी ते कानी पडताच मराठी मन क्षणभर थबकते. उत्तरध्रुववृत्त याच खिंडीतून जाते. उन्हाळ्याच्या मध्यावर येथे रात्र अशी होतच नाही. वाटेत थॉर पर्वताचा १,२५० मीटर उंचीचा कडा पुढे झुकून उभा आहे. परंतु खरे भय कड्याचे नव्हे, पाण्याचे. हिमनद्यांतून निघालेले ओढे दिवसभराच्या उन्हाने फुगतात. म्हणून जाणते प्रवासी पहाटे पाणी उतरल्यावरच ते ओलांडतात, आणि पाय घसरलाच तर ओझे टाकून देता यावे म्हणून पाठपिशवीचे पट्टे सैल ठेवतात.

इनुइट लोकांना हा प्रदेश ओसाड वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते या खिंडीतून ये-जा करीत आले. १९९३ च्या करारान्वये येथे शिकार व मासेमारी करण्याचा त्यांचा हक्क कायम आहे, आणि उद्यानाच्या कारभारातही त्यांचा वाटा आहे.

आज मात्र त्यांनी दिलेले नावच संकटात आहे. उद्यानातील पेनी हिमछत्राच्या तळाशी गेल्या हिमयुगातील बर्फ अजून आहे. पण वाढत्या उष्म्याने ते छत्र झिजत चालले आहे. २००८ च्या उन्हाळ्यात उष्मा आणि अतिवृष्टी यांमुळे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन विरघळून खचली, वाटा वाहून गेल्या, आणि आत असलेल्या प्रवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. त्याच उन्हाळ्यात पांग्निर्टुंग गावातही पुराने पुलांची हानी केली.

हा उष्मा त्या लहानशा गावाने निर्माण केलेला नाही. तो साऱ्या जगाच्या धुराड्यांतून आणि यंत्रांतून निघाला आहे. औयुइत्तुकला गेलेला पाहुणा आपल्या जेवणाचा कागदही मागे ठेवीत नाही. न गेलेल्यांचा धूर मात्र तेथवर पोहोचतो. ही भूमी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दृष्टीस पडेल. तरीही तिचे नाव खरे राहावे, याची थोडी जबाबदारी दूर राहणाऱ्यांवरही आहेच.