नऊ लाडू

आमच्या आईने आयुष्यात हिशेबाची वही ठेवली नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली अर्धी बिऱ्हाडे दिवाळीचे लाडू तिच्याकडून नेतात. कुणाचे किती, सारे तोंडपाठ. पण गेल्या वर्षी एक बिऱ्हाड राहून गेले. त्या विसरण्याचा तिने धसकाच घेतला. यंदा स्वतःहून म्हणाली, "अरे, लिहून घे."

मी बी.कॉम., शिवाय बँकेत कारकून. पेन सरसावून बसलो. तिने सांगितले, मी लिहिले. बेरीज 240. आई म्हणाली, "231." पुन्हा केली. 240! आई गप्प झाली. "गेलं म्हणायचं डोकं," एवढेच पुटपुटली. बायकोने मात्र माझ्या पोटाकडे पाहिले.

फरक नऊचा. नऊ! आमच्या धंद्यातला जुना तोडगा आठवला : फरक नऊने भागला गेला, की कुठे आकडे उलटलेत का ते आधी पाहावे. पाहिले. आई म्हणाली होती 'पंचेचाळीस'. कानावर आधी पाच पडले, हाताने आधी पाच लिहिले. झाले 54!

आता तुम्हीच सांगा, दोष कुणाचा? आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात पंचविसाला 'वीस पाच' म्हटले, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो.

घाटकोपरचा भाचा कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेही हेच!" वीज गेली की मेमरीतले सारे पुसले जाते, म्हणून ते डिस्कवर उतरवायचे. पण घरोघरच्या कॉम्प्युटरची मेमरी मोठ्या आकड्याचे तुकडे करून धाकटा तुकडा आधी ठेवते, थेट आईसारखी. उलट सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने 1990च्या दशकात काढलेली 'एक्सएफएस' ही फायली ठेवण्याची पद्धत आपल्या नोंदींत थोरला तुकडा आधी लिहिते, वहीसारखी. म्हणून डिस्कवर उतरवताना दर वेळी तुकडे उलटायचे, वाचताना पुन्हा सुलटायचे. या थोरल्या-धाकट्या पंथांना डॅनी कोहेन यांनी 1980 साली नावे दिली, ती 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडायचे यावरून भांडणाऱ्यांची!

"आणि उलटायला विसरलं तर?"

"नऊ लाडू, मामा!"

आईला सांगितले, "तुझं डोकं शाबूत आहे. चूक उतरवून घेणाऱ्याची." तिचा चेहरा खुलला. तरी लाडू तिने 240च वळले. जास्तीचे नऊ माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बँकेतल्या माणसाने लिहिलंय, खोटं कशाला पाडायचं?"