मोठी शाळा पाहायला जाताना

मैत्रिणींनो, फेब्रुवारी उजाडला, की घराघरांतून एकच विषय निघतो. कुणाच्या यजमानांची बदली व्हायची असते, कुणाच्या गावात शाळा सातवीपर्यंतच असते, तर कुणाला मुलीला इंग्रजी माध्यमातून मराठीत किंवा मराठीतून सेमी-इंग्रजीत घालायचं असतं. मग ‘मोठी शाळा’ कोणती घ्यायची याची खलबतं सुरू होतात. शेजारीण एक नाव सांगते, दीर दुसरं सांगतात, आणि दोघंही ठासून सांगतात, “शाळा एकदम चांगली हो!”

पण चांगली म्हणजे कुणासाठी चांगली? वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी, की तुमच्या-माझ्या मुलीसाठी?

मी सातारकर. एका हायस्कुलात अर्धवेळ मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर पूर्ण वेळ, संसार करते. गेल्या वर्षी वन्संच्या यजमानांची पुण्याला बदली ठरली. भाची आठवीत जायची होती. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही शाळेतल्या आहात. शाळा पाहायला तुम्ही बरोबर चला.” म्हणून एका सकाळी आम्ही तिघी एसटीने स्वारगेटला उतरलो.

पुण्याच्या पेठांतून शाळा पाहत फिरणं म्हणजे एका अर्थी तीर्थयात्राच आहे. स्वारगेटहून मेट्रोने एकच स्टेशन पुढे गेलं, की मंडई. जमिनीखालून वर आलो, की समोर महात्मा फुले मंडईचा मनोरा. तिथून चालत बुधवार पेठेत गेलं, की दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा आता नाही. स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला. तरी त्या जागेशी आपोआप पाय थबकतात.

जवळच अप्पा बळवंत चौक. पाठ्यपुस्तकं, गाईडं, वह्या यांचा बाजार. तिथेच नूतन मराठी विद्यालय, १८८३ सालचं. चिपळूणकर, टिळक, आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलची सुरुवातही १८८० साली याच पेठांत झाली. आणि लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या आणि सराफांच्या दुकानांच्या गर्दीत मुलींची हुजूरपागा, १८८४ सालची. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा या जागेवर होती, म्हणून हे नाव. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक यांनी ही शाळा उभी केली. इरावतीबाई कर्वे इथल्याच विद्यार्थिनी.

या शाळेमागची एक गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. मुलींना हायस्कूल हवं म्हणून हिराबागेत सभा भरली, तेव्हा रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून लेखी भाषण वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं आणि घरी आल्यावर बायकांची बोलणी खावी लागली! शाळा निघाल्यावरही मुलींना काय आणि किती शिकवावं यावर ‘केसरी’तून टीका होतच होती. आज आपण मुलीसाठी चार शाळा पाहून त्यातली एक पसंत करतो, ही चैन त्या बायकांनी ऐकलेल्या बोलण्यांवर उभी आहे.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग शाळा सुटलेल्या मुलींचा लोंढा रस्त्यावर आला तो पाहून हळूच म्हणाली, “मामी, एवढ्या मुलींत मला कोण ओळखणार?”

मैत्रिणींनो, मोठ्या शाळेबद्दल विचारायचा खरा प्रश्न हाच. पोर बोलून गेली, आणि त्यानंतर आम्ही ज्या शाळांत गेलो तिथे तिचाच प्रश्न मनात धरून पाहत राहिलो. (आतल्या गोष्टी सांगताना शाळांची नावं घेत नाही. सगळ्याच मोठ्या शाळांना लागू पडावं असंच सांगते.)

शाळेच्या दर्शनी भिंतीवर गुणवंतांचा फलक असतो. सोनेरी अक्षरं, नव्वदच्या वरचे टक्के. तो जरूर वाचावा, पण त्यावर फार विसंबू नये. त्या मुली कुठेही चमकल्या असत्या. पाचवी ते दहावी, दर इयत्तेच्या सहा तुकड्या आणि तुकडीत साठ मुली धरल्या, तर शाळेत दोन हजार एकशे साठ मुली होतात. फलकावर नाव लागतं दहा-वीस जणींचं. बाकीच्यांचं काय होतं ते पाहायला आपण जायचं.

शिकवणारी म्हणून सांगते. साठांच्या वर्गात पहिल्या महिन्यात बाईंना दहा हुशार मुली पाठ होतात आणि दहा दंगेखोर. मधल्या चाळीस जणींची नावं बसायला दिवाळी येते. यात बाईंचा आळस नसतो. तास पस्तीस मिनिटांचा आणि मुली साठ. म्हणजे एकीच्या वाट्याला पस्तीस सेकंद. त्यात हजेरी, फळा, वह्या, सगळं आलं. भाची या मधल्या चाळिसांतली. गृहपाठ वेळेवर, अक्षर नेटकं, हात कधी वर नाही. अशा मुली मोठ्या शाळेत वाऱ्यावर जातात, नाहीतर छान फुलतातही. त्यांच्यासाठी शाळेने काय सोय ठेवली आहे, ते विचारून घ्यायला हवं.

पहिला प्रश्न पटसंख्येचा. शिक्षण हक्क कायदा (२००९) म्हणतो, की सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. आणि शंभराहून जास्त मुलं असतील, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवेत, शिवाय चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अर्धवेळ शिक्षक हवेत. तेव्हा “शाळेत शिक्षक किती?” एवढ्यावर थांबू नका. “आठवीच्या एका तुकडीत मुली किती? वर्गशिक्षिका दर वर्षी बदलतात, की तुकडीबरोबर वर जातात? चित्रकलेला बाई आहेत, की तो तास गणिताला देतात?” असं विचारा.

दुसरा प्रश्न निकालाचा. “दहावीचा निकाल शंभर टक्के,” असं सांगितलं, की आपण खूश होतो. पण शंभर टक्के कितींतले? दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुली होत्या आणि त्यांतल्या किती जणी शाळेतर्फे दहावीला बसल्या, हे विचारा. काही ठिकाणी कच्च्या मुलांना नववीतच अडवतात किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून बाहेरून परीक्षेला बसायला सुचवतात. निकाल शंभर टक्के राहतो आणि मूल शाळेबाहेर जातं. एका शाळेत हा प्रश्न विचारल्यावर लेखनिकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या शाळेत मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी रजिस्टर काढलं, चार मुली कुठे आणि का गेल्या ते सांगितलं, आणि दोघी नापास होऊन पुन्हा इथेच बसल्या आहेत हेही सांगितलं. त्या शाळेचा निकाल शंभर टक्के नव्हता. पण मला तीच शाळा जास्त खरी वाटली.

ही माहिती थोडीफार घरबसल्याही मिळते. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. त्यावरून सरकारी संकेतस्थळावर शाळेचे वर्ग, शिक्षक, पटसंख्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय यांची नोंद पाहता येते. मोबाइलवर भावजींना नाहीतर मुलालाच काढून द्यायला सांगा.

तिसरी गोष्ट कागदावर कळत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते. मधल्या सुट्टीनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. सकाळी नको, सकाळी ते धुतलेलं असतं. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का? आठवीतल्या मुलीच्या दृष्टीने ही प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची गोष्ट. कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि महिन्यातले चार दिवस शाळा बुडवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. वन्संना सुरुवातीला संकोच वाटत होता. तिसऱ्या शाळेत त्याच पुढे झाल्या!

दप्तरही हातात घेऊन पाहा. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून दप्तर जड नसावं, असं २०२०चं दप्तर धोरण सांगतं. चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. जिना उतरणाऱ्या मुलींच्या खांद्यांकडे पाहिलं, की शाळा वेळापत्रक कसं आखते ते कळतं. ग्रंथालयात गेलात तर पुस्तकांचे कोरे कणे मोजू नका. पुस्तक देण्या-घेण्याचं रजिस्टर पाहा. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली हवी.

आता पैशांचं. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं, आणि मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क नसतं. पण याच शाळांतून काही तुकड्या विनाअनुदानित असतात, बऱ्याचदा सेमी-इंग्रजीच्या. त्यांना फी पडते. तेव्हा प्रवेश कोणत्या तुकडीत मिळतोय ते लेखी घ्या. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेणं कायद्याला मंजूर नाही, आणि देणगीही मागता येत नाही. एका ठिकाणी वन्संना “तुमचं शिक्षण किती?” असं विचारलं गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “शाळेत मुलगी यायची आहे, मी नाही.” मला टाळी द्यावीशी वाटली!

आणखी एक फायदा फारशा जणींना ठाऊक नसतो. सरकारी, अनुदानित आणि नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना ‘एनएमएमएस’ परीक्षेला बसता येतं. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दर वर्षी बारा हजार रुपये मिळतात. या परीक्षेची तयारी शाळा करून घेते का, आणि घेते तर सगळ्यांची की निवडक पंधरा जणींची, हे जरूर विचारा.

सेमी-इंग्रजीचा निर्णय मुलीला विचारून घ्या. सातवीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलीला आठवीत एकदम इंग्रजीतून गणित-विज्ञान आलं, की पहिले सहा महिने जड जातात. शाळा त्या दिवसांत जादा तास घेते की क्लासचा पत्ता देते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

एवढं सगळं वाचून ‘मोठी शाळा नकोच बाई’ असं म्हणू नका हं! मोठ्या शाळेचं देणंही मोठं असतं. खरी प्रयोगशाळा, मैदान, खो-खोचा संघ, स्नेहसंमेलन, आणि मुख्य म्हणजे सगळ्या तऱ्हांच्या घरांतून आलेल्या मैत्रिणी. भाजीवाल्या मावशींची मुलगी आणि डॉक्टरीणबाईंची मुलगी एका बाकावर बसते, हे आजकाल फार ठिकाणी दिसत नाही. दोन हजार मुलींत आपल्यासारखी एक तरी भेटतेच. लाजऱ्या मुलीला ती शंभर मुलींच्या शाळेत भेटेलच असं नाही.

भाचीने शेवटी स्वतःच शाळा निवडली: रजिस्टर काढून दाखवणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंची. कारण विचारलं तर म्हणाली, “गेलेल्या मुलींची नावंसुद्धा त्यांना पाठ होती.” पहिले दोन महिने रडारड झाली, हे लपवत नाही. मग शाळेच्या लेझीम पथकात शिरली, आणि आता फोनवर माझ्याशी बोलायला तिला वेळ नसतो.

प्रवेश मिळाला म्हणजे आपलं काम संपलं, असं मात्र नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असं कायदा सांगतो. अनुदानित शाळेत या समितीला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे, पण सल्ला देण्यात आपण बायका कधी मागे आहोत का? नाव द्या. स्वयंपाक आटोपून महिन्यातून एक दुपार जमते.

आणि पहिल्या पालकसभेला गेलात, की वर्गशिक्षिकांना मुलीचे गुण विचारू नका. ते प्रगतिपुस्तकात येतातच. एवढंच विचारा, “बाई, माझी मुलगी कुठल्या बाकावर बसते? आणि कुणाशेजारी?” पहिल्या सभेला उत्तर आलं नाही तर रागावू नका; बाईंसमोर साठ जणी असतात. पण दुसऱ्या सभेला पुन्हा विचारा. दिवाळीपर्यंत उत्तर आलं, तर समजा शाळा चांगली मिळाली.