आत्याबाईची वाकळ

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला निघाले, की उन्हाळ्यात वाटेवरच्या गावांतून एक चित्र नजरेस पडते. लिंबाच्या सावलीत वाकळ अंथरलेली असते आणि दोन-चार बाया कडेने टाके घालीत असतात. पेरणीआधीचे हे मोकळे दिवस वाकळीचेच.

यंदा लातूरहून पुढे औशावरून किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने हे गाव जमीनदोस्त केले. आज वस्ती नव्या जागी आहे. तिथे एका आजींनी आपली वाकळ दाखवली. ढिगाऱ्यातून निघालेली, सासूच्या लुगड्यांची. वरचे कापड दोनदा बदलले, आतली लुगडी तीच. "घर सरकारनं दिलं सायब, ही मातर आत्याबाईची हाय," त्या म्हणाल्या.

मी रीत विचारली. जुनी सुती लुगडी, धोतरे धुऊन कडक उन्हात वाळवावीत. धड कापड वर-खाली, विरलेले मध्ये. सपाट जमिनीवर ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवावेत व लांब टाक्यांनी थर पक्के करावेत. मग कडेपासून आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालावा. सुतात नायलॉन मिसळू नये. धुतल्यावर सूत आटते, नायलॉन आटत नाही आणि वाकळीला चुण्या पडतात.

कापूस आपण पिकवतो, पण सुती लुगडे आता आजीच्या पेटीतच उरले आहे. ते बोहारणीला घालू नका. भगिनींनो, आजीचा हात चालतो आहे तोवर शेजारी बसून टाका शिकून घ्या.